पुठ्ठ्याची दारं

मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चपला काढल्या, पाणी नको म्हणाले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन माझ्या डब्यांच्या कपाटाचं दार उघडलं. बंद केलं. परत उघडलं. तिसऱ्यांदा बंद करताना कान जवळ नेऊन ऐकलं, डॉक्टर छाती तपासतात तसं. मी पाण्याचा पेला हातात घेऊन उभी. बोलावलं होतं बेडरूमच्या कपाटासाठी, आणि बेडरूम तर मागच्या बाजूला. म्हटलं, "अहो मिस्त्री, कपाट तिकडे करायचंय."

तर म्हणाले, "तिकरं अजून कपाट नायच, तर तिकरं जाऊन काय बगू? हाय त्याचा आवाज तरी आयकू द्या."

असा माणूस. नाव होतं त्यांना, चांगलं देवाचं नाव होतं, पण पनवेलजवळच्या आमच्या विचुंब्यात ते कुणाच्या तोंडी मी ऐकलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. सगळे मिस्त्रीच म्हणायचे. वय माझ्याएवढंच, पासष्टीच्या आसपास. अंगाने काटकुळे, पण तळहात असे रुंद की चहाचा कप त्यात दिसायचाच नाही.

दार दिसलं की उघडून बघायचं, ही त्यांची खोड. कुणाचं, कुठलं, काही संबंध नाही. आमच्या खालच्या मजल्यावर वास्तुशांत होती, गुरुजी मंत्र म्हणतायत, यजमान जोडीने बसलेत, आणि हे मागच्या मागे शोकेसचं काचेचं दार उघडबंद करतायत. यजमानीणबाईंनी डोळे वटारले, तर हे हाताने खूण करून सांगतायत, खालचा स्क्रू ढिला आहे, तुमचं चालू द्या. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात ते आणि आम्ही एकत्रच नंबर लावून बसलो होतो. ह्यांनी औषधांच्या कपाटाची बिजागरी घट्ट केली, मग कंपाउंडरच्या टेबलाचा ड्रॉवर खडू घासून सरकता केला, आणि त्यांचा नंबर पुकारला तेव्हा पायऱ्या उतरून निघूनही गेले होते. खोकला दाखवायचाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "खोकला काय, पळून जातोय? ती बिजागरी गेली असती."

बरं, मी आधी आमचं सांगते, म्हणजे कळेल.

आमच्या ह्यांनी पनवेलच्या बाजारात एका कापडदुकानात चाळीस वर्षं काढली. मालक नव्हते हो, गादीवर बसून ठाणं उलगडणारे सेल्समन. पण गावागावांतून लोक लग्नाचा बस्ता बांधायला यायचे ते ह्यांनाच शेठ म्हणायचे. कुठलं ठाण कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगत. गिऱ्हाइकाने दारात पाय ठेवला की त्याच्या अंगाला कुठला रंग उठेल ते ह्यांनी ठरवलेलं असायचं. स्वतःचे कपडेही तसेच. पगार बेताचा, पण शर्ट बघावा तर ह्यांचा.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढायला लागला, बोलणं तुटक झालं. बाजारातल्या आमच्या जुन्या घराला लिफ्ट नव्हती, तिसरा मजला. म्हणून मुलाच्या आग्रहाने आम्ही विचुंब्याला ह्या नव्या इमारतीत आलो. घर चांगलं आहे, उजेड आहे, लिफ्ट आहे, बेडरूम मात्र एवढीशी. पलंग आणि कपाट धरलं की दोघांच्या मधे जेमतेम अडीच फूट उरतात. आणि प्रश्न असा पडला, की कपाटाला दारं कुठली लावायची, बिजागरीची की सरकती.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा, "आई, स्लायडिंगच कर. जागा वाचते, सगळ्यांकडे तेच असतं. आरसापण लावून घे." मला हवी बिजागरीची. बाईला विचारा, बिजागरीच्या दाराचा आतला भाग किती कामाचा असतो. मी तिथे खिळे मारून बांगड्या अडकवते, परकराच्या नाड्या अडकवते, औषधांची पिशवी अडकवते. आणि दोन्ही पल्ले उघडले की सगळं कपाट समोर, काही शोधायला नको. सरकत्या दाराच्या पन्हळीत कचरा साठतो तो वेगळाच.

मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी टेपने भिंत मोजली, आणि मग टेप गुंडाळून ठेवला. म्हणाले, "भित मोजली. आता मानसा मोजायची हायत."

आणि प्रश्न सुरू झाले. सकाळी पहिलं कोण उठतं. आंघोळ आधी कोण करतं. कपाट उघडताना हातात काय असतं, ओला टॉवेल की कोरडा. तुम्ही डावऱ्या की उजव्या. साड्या टांगता की घड्या घालता. मी आपली उत्तरं देतेय. मग म्हणाले, "वयनी, राग आल्यावर दार आपटताव का?"

म्हटलं, "छे, मी कशाला आपटू?"

तर खुर्चीत बसलेले आमचे हे, सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "आपटते."

मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलने काहीतरी खूण केली. ती कसली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हा माणूस असा का, ह्याचं मला फार कुतूहल. सुतार काय मी पाहिले नव्हते? पण ते येतात, माप घेतात, सनमायकाचे नमुने दाखवतात आणि जातात. एकदा चहा पिताना खोदून खोदून विचारलं. तर म्हणाले, त्यांच्या घरात सुतारकी नव्हतीच. वडील मिठागरात कामाला, खाडीच्या कडेला. तिथे खाऱ्या पाण्याला आत-बाहेर करायला बांधात फळ्या बसवलेल्या असतात, त्याला ते उघाडी म्हणतात. बांधाच्या तोंडावरची फळी वरून टांगलेली. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरती आली की बाहेरचं पाणी तिला दाबून बसवतं. कुणी हात लावायला लागत नाही. आणि आत मिठाच्या खाचरांमध्ये सरकवायच्या फळ्या, त्या माणसाने वर ओढायच्या, माणसाने खाली सोडायच्या. मिस्त्री त्या फळ्या दुरुस्त करता करता सुतार झाले.

"मग तुमचं मत काय," मी म्हटलं, "टांगती बरी की सरकती?"

"माजा मत टांगतीचा. पान्याला जेवडी कलते तेवडी मानसाला कलत नाय. दारानं मानसाचं आयकलं पायजे." चहाचा घोट घेतला. "पन माज्या मताला काय करताव? खारीच्या पान्याला विचारल्याबिगर बांधाला फली नाय बसवत."

पुढे काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही. चार दिवसांत कपाटाचा नुसता सांगाडा उभा केला, फळ्या, टांगायचे दांडे, सगळं, फक्त दारं नाहीत. आणि पाचव्या दिवशी आले ते डोक्यावर भलामोठा पुठ्ठा घेऊन. शेजारच्या विंगेत कुणीतरी नवा फ्रिज घेतला होता, त्याचा खोका. तो त्यांनी आमच्या हॉलमध्ये पसरून कापला. डाव्या अर्ध्याला एक पुठ्ठा जाड कापडाच्या पट्ट्यांनी टांगला, बिजागरीसारखा. उजव्या अर्ध्याला एक पुठ्ठा पडद्याच्या दांडीला कड्या लावून, सरकता. मला तर हसूच फुटलं. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तो म्हणाला, "आई, दुसरा माणूस बघ."

"आठ दिस वापरा," मिस्त्री म्हणाले. "चार दिस भाऊंचं कपरं डावीकरं, चार दिस उजवीकरं. मंग मी येतो."

भाऊ म्हणजे आमचे हे. पहिल्या दिवशी मिस्त्रीही शेठच म्हणाले, दुसऱ्याच दिवशी शेठचं भाऊ झालं होतं. त्याची गंमत अशी, की मिस्त्रींच्या लग्नाचा बस्ता ह्यांनीच फाडला होता. मिस्त्रींनी ओळखलं, ह्यांना चेहरा आठवेना. मिस्त्री म्हणाले, "नवरीची सारी हिरवी, नि माजं…" एवढ्यावर हे म्हणाले, "पांढरं टेरिकॉट. बारीक… ठिपका." चेहरा गेला होता, कापड होतं.

बरं, आठ दिवस झाले. मी नेमाने सांगितल्यासारखं केलं. चार दिवस डावीकडे, चार दिवस उजवीकडे. मिस्त्री आले, पुठ्ठे काढून हॉलमध्ये खिडकीशी उजेडात उभे केले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले. पुठ्ठा म्हणजे काय हो, सनमायका थोडाच आहे, पुसून स्वच्छ व्हायला. हात लागेल तिथे डाग. मिस्त्री डागांवर बोट ठेवून विचारायला लागले.

"हे हलदीचं बोट कोनाचं?"

"माझं."

"हे पिठाचं?"

"माझंच. पोळ्या लाटताना ह्यांनी हाक मारली तशी गेले."

"हे तेलाचं?"

"अहो माझं. घरात दुसरं कोण आहे?"

ते उठून उभे राहिले. आमच्या ह्यांना उंची चांगली, पावणेसहा फूट. मी त्यांच्या खांद्याला लागते. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर वरच्या अंगाला, ह्यांचा हात जिथे पोचेल तिथे तळहात ठेवला. पुठ्ठा तिथे दुकानातून आला तसा कोरा. दोन्ही पुठ्ठे कोरे.

"भाऊंचा हात कुटं हाय?"

मी म्हटलं, "त्यांना कशाला उठवायचं? मी काढून देते कपडे. त्यांना त्रास होतो."

"त्याना तरास होतो, का तुमाना बगवत नाय?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. अकरा महिने मी ह्या माणसाचं सगळं केलं होतं. बटणं लावताना एका हाताने त्यांची तारांबळ होते म्हणून तीन ढगळ शर्ट निवडून त्यांना टिचबटणं शिवली होती, तेच आलटूनपालटून घालत होते. बाकीचे शर्ट घड्या करून मागे ठेवले होते. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही कपाट करायला आलात ना? तेवढं करा."

त्यांचा आवाज चढला नाही. "कपाट कोनाचं हाय ते सांगा. तुमचं यकलीचं असल तर दोन दिसांचं काम हाय, बिजागरी लावतो नि जातो. दोगांचं असल तर मना अजून यकाचंच माप मिललंय."

मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, आता हे बोलतील माझ्या बाजूने. ह्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. आम्ही दोघं थांबलो. मग म्हणाले, "आकाशी शर्ट… कुठेय… मला माहीत नाही."

एवढंच. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. दुकानातल्या शेकडो ठाणांची जागा तोंडपाठ असलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात स्वतःचा शर्ट कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. आणि त्याने अकरा महिने मला विचारलंही नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस उगाच लावला आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री परत आले. पुठ्ठे पुन्हा लावले. ह्यांचे सगळे शर्ट, मागचेसुद्धा, त्यांनी मला एका जागी लावायला सांगितले, सरकत्या पुठ्ठ्यामागे, उजव्या अर्ध्यात. ह्यांना आत पलंगावर बसवलं, बनियन-लेंग्यावर. वाकड्या मुठीची काठी हातात दिली. "भाऊ, उशीर झाला तरी चालंल. मना बाकी काम नाय." आणि दार लोटून बाहेर येऊन मला म्हणाले, "भाजी द्या निवरायला."

मेथीची जुडी होती. ते जमिनीवर बसून मेथी निवडायला लागले, पान पान वेगळं, जणू तेच त्यांचं काम. मी सोफ्याच्या कडेवर. आतून काही ऐकू येईना. मग काठी टेकल्याचा आवाज. मग पुठ्ठ्याचा खरखर आवाज. मग बराच वेळ काही नाही. आणि मग काहीतरी आपटलं.

मी उभी राहिले.

"काठी परली," मिस्त्री म्हणाले. मान वर केली नाही.

"तुम्हाला काय माहीत?"

"लाकराचा आवाज हाय. मानसाचा येगला असतो."

"आणि नसला तर?"

"तर जा. मी धरलंय का तुमाना?"

दारापर्यंत गेले मी. हात कडीवर. आतून ह्यांचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, कष्टाचा. पण हाक नव्हती. हाक मारता येते ह्यांना, माझं नाव नीट घेता येतं, तेवढा एक शब्द झटक्यानंतरही स्वच्छ राहिलाय. ते घेत नव्हते. मग मी परत येऊन बसले आणि अर्धी मेथी ओढून घेतली. त्या जुडीत देठं किती गेली आणि पानं किती, विचारू नका.

वीस मिनिटांनी दार उघडलं. हे काठी टेकत आले. अंगात आकाशी शर्ट, उजवी बाही घातलेली, डावी पाठीवर लोंबतेय. घामाने कपाळ भिजलेलं. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाही."

मी बाही घातली. बटणं त्यांनी लावू दिली मला, वरचं सोडून. ते स्वतः लावलं, बऱ्याच वेळाने.

मिस्त्रींना शर्टाशी काही घेणं नव्हतं. ते म्हणाले, "भाऊ, कसं उघरलंत ते दावा." ह्यांनी दाखवलं. पलंगावरून उठलेच नव्हते ते. बसल्या बसल्या काठीची वाकडी मूठ पुठ्ठ्याच्या कडेला अडकवून त्यांनी तो बाजूला ओढला होता. शर्टसुद्धा मुठीनेच हँगरसकट खाली पाडला, म्हणून काठी हातातून निसटली होती. मिस्त्रींनी काय करावं? त्यांनी माझा टॉवेल मागितला, आपला डावा हात कमरेला बांधला, ह्यांच्या जागी पलंगावर बसले आणि काठीने तो पुठ्ठा उघडला. बंद केला. दहा-बारा वेळा. मग शेजारचा टांगता पुठ्ठा उघडून बघितला, तर तो थेट त्यांच्या गुडघ्यावर येऊन आदळला. उभं राहून उघडायचा तर मागे पाऊल टाकायला हवं, आणि मागे पलंग.

"चुकला," मिस्त्री म्हणाले. "माजा मत चुकला, वयनी. बिजागरीची नाय चालत. सरकतीच." आणि हे सांगताना माणूस इतका खूश, की जणू त्यांना बक्षीस लागलंय. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण आपलं चुकलं म्हणून इतकं आनंदलेलं कुणी पाहिलं नाही. दिवसभर त्यांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. वॉचमनलासुद्धा.

मग खरी दारं केली. हलकी, चांगल्या चाकांची, बोटाने सरकतील अशी. ह्यांच्या दाराला काठीची मूठ बसेल अशी खाच, कडा गोल घासलेल्या. खालची पन्हळ न करता दार वरच्या दांड्यावरच पेललं, खाली नुसती एक खुंटी, म्हणजे पाय अडकायला नको. शर्ट टांगायचा दांडा इतका खाली आणला की बसल्या हाताला लागावा. मुलगा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना, स्लायडिंग." आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

दारं बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "यक सांगतो, मंग म्हनाल सांगितलं नाय. कपाट येवडंसं, दारं दोन. भाऊंचं उघरलं का ते तुमच्यावर जानार. भाऊंचं होईपरेंत तुमचं झाकलेलं."

"मग मी काय करायचं?"

"थांबायचं," म्हणाले, आणि हत्यारं पिशवीत भरायला लागले.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. आता ते उरणला, मोरा बंदराजवळ लेकीकडे असतात. जावयाची होडी आहे. लेक सांगते, तिथे बसूनही गप्प नाहीत, होडीच्या खणांची झाकणं उघडून बघत असतात. मधूनमधून सकाळी फोन येतो. तब्येत कशी, जेवलात का, असलं काही नाही.

परवा आला तेव्हा मी नुकती न्हाऊन बाहेर आले होते, डोक्याला टॉवेल, अंगावर गाऊन, बेडरूमच्या दारात उभी.

"उघरलंय का?"

"उघडलंय."

"कोनी?"

"त्यांनीच. मी दारात उभी आहे, माझी साडी त्यांच्या दारामागे अडकलीय. अर्धा तास झाला."

"आज येल का लागला येवडा?"

मी आत बघितलं. हे पलंगावर बसलेले, मांडीवर दोन शर्ट. एक चौकडीचा, एक उभ्या रेघांचा. बोटांनी एकाचं कापड चोळून बघत होते, मग दुसऱ्याचं, मग खिडकीकडे उजेडात धरून.

"दोघांत ठरत नाहीये," मी हळूच म्हटलं. "चौकडीचा की रेघांचा."

मला वाटलं हसतील, बरं म्हणतील, ठेवतील. तर म्हणाले, "कुटला घालतान ते सांगा मना."

आणि फोन ठेवला नाही. पलीकडून होडीच्या इंजिनाचा फटफट आवाज येत होता. माझ्या केसांतलं पाणी मानेवर उतरत होतं. ते तिकडे, मी इकडे, दोघंही थांबलो.